एमएस: आजचा दिवस कसा जाणार, हे सकाळी कशावरून कळतं?

निळी शाई

नमस्कार मंडळी. इथे वाचते नेहमी, लिहायची ही पहिलीच वेळ.

मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. निदान होऊन चार वर्षं झाली. सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. डोळा फिरवला की आत दुखायचं, आणि दोन दिवसांत त्या डोळ्याने लाल रंग विटका दिसायला लागला. मग एमआरआय, पाठीतून पाणी काढणं, सगळं झालं. सध्या औषध नियमित चालू आहे. गेल्या दीड वर्षात नवा अटॅक, म्हणजे लक्षणं एकदम उसळणं, नाही, एमआरआयमध्ये नवे ठिपके नाहीत. रिपोर्ट बघणारा म्हणेल, उत्तम चाललंय.

माझा प्रश्न रोजच्या दिवसाचा आहे. डोळे उघडले की अंथरुणातच माझी तपासणी सुरू होते. आधी हनुवटी छातीला लावून बघते. पाठीच्या कण्यातून वीज सरसरत गेली, तर आज मान जपायची. मग उजवा डोळा झाकून दारामागच्या खुंटीवरची लाल पिशवी बघते, किती लाल दिसते ते. पाय खाली सोडून फरशीचा गारवा दोन्ही तळव्यांना सारखा लागतो का ते बघते. शेवटी शर्टाची सहा बटणं.

मंगळवारी सगळं व्यवस्थित होतं. पिशवी लालभडक, बटणं एका दमात लागली. म्हणून मैत्रिणीला कळवलं की येते, तिचं नवीन घर लावायचं होतं. अकरा वाजता तिच्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर, पायांत कोणी ओली वाळू भरावी तसं झालं. खाली बसले ती तासभर उठताच आलं नाही. मैत्रीण काळजीनेच म्हणाली, "अगं, सकाळी फोनवर तर एकदम बरी होतीस!" तिची काहीच चूक नाही. पण ते वाक्य रात्रभर टोचत राहिलं, कारण मलाही सकाळी अगदी तसंच वाटलं होतं.

तर विचारायचंय ते असं. तुम्हाला सकाळी कळतं का? कशावरून? आणि कळत नसेल तर कोणाला कशाचा शब्द कसा देता?

अर्धविराम

नाही कळत. नऊ वर्षं झाली मला.

शब्द देताना मी एक वेळ ठरवून देते. "नाही जमलं तर दहाच्या आत कळवीन." त्यामुळे समोरचं माणूस ताटकळत नाही, आणि दहा वाजून गेले की माझीही घालमेल थांबते.

कागद-टाक

मी हात बघतो. रोज उठल्यावर वहीत एक ओळ लिहितो, काहीही, आणि शेवटी त्या ओळीवर एका झटक्यात शिरोरेघ ओढतो. चांगल्या दिवशी रेघ सरळ जाते. वाईट दिवशी ती तिसऱ्या-चौथ्या अक्षरावर खाली झुकते, किंवा अक्षरांना सोडून वरून तरंगत जाते. माझा उजवा हात बधिर आहे, त्यामुळे पेन किती जोरात धरलंय हे मला डोळ्यांनी बघावं लागतं. रेघ सगळं सांगते. सहा वर्षांच्या वह्या आहेत. डॉक्टरांना एकदा दोन महिन्यांची पानं नेऊन दाखवली. त्यांनी ती शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि फाइलमध्ये नोंद केली.

थोडं अवांतर. शार्को या फ्रेंच डॉक्टरने हा आजार वेगळा ओळखून त्याचं वर्णन केलं १८६८ साली. त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडच्या राजा तिसऱ्या जॉर्जचा नातू ऑगस्टस द एस्ते याने आपल्या दुखण्याची रोजनिशी ठेवली होती. डिसेंबर १८२२मध्ये त्याची नजर अंधुक झाली, तिथपासूनच्या नोंदी आहेत. आजाराला नाव नव्हतं, औषध नव्हतं, आणि हा माणूस पंचवीसेक वर्षं लिहीत राहिला: आज इतकं चाललो, आज पाय असे झाले. मला त्याच्याबद्दल फार जवळीक वाटते.

सोबत

मी पेशंट नाही. बायकोला अकरा वर्षांपासून एमएस आहे. दुसऱ्या बाजूने लिहितो.

सुरुवातीला मी रोज सकाळी विचारायचो, "बरी आहेस ना?" एक दिवस ती म्हणाली, "तू 'ना' लावतोस तेव्हा माझं उत्तर तूच देऊन टाकतोस." खरं होतं. मला 'हो' ऐकायचं असायचं म्हणून तो 'ना' होता. त्यानंतर मी फक्त "आज किती?" असं विचारतो आणि ती बोटं दाखवते. पाच म्हणजे बाहेर पडू. तीन म्हणजे घरातलं घरात. दोन म्हणजे मी आज कामावरून लवकर येणार. एक म्हणजे काही विचारू नकोस, पाण्याची बाटली हाताशी ठेव आणि पडदे ओढ.

ती कधीकधी दोन असताना तीन दाखवते. मला भिंतीवरून कळतं. आमच्या पॅसेजच्या भिंतीवर, कमरेपेक्षा थोडा वर, एक करडा पट्टा उमटलाय. चालताना ती बोटांची टोकं भिंतीला टेकवते, तोल सांभाळायला. ज्या दिवशी टोकांऐवजी पूर्ण तळवा टेकतो, त्या दिवशी बोटं किती का दाखवेना, आकडा दोनच. मागच्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा रंगारी म्हणाला, हा डाग आधी घासून काढू. मी तिथे लाकडी कठडा बसवून घेतला. पट्टा कठड्याखाली गेला, हात तिथेच राहिला.

पहिलीच पायरी

सगळ्यांना नमस्कार. मी चोवीस वर्षांची आहे. निदान होऊन तीन आठवडे झालेत. घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

काल गरम पाण्याने अंघोळ केली आणि डोळ्यांसमोर धुरकट झालं, पायातल्या मुंग्या कमरेपर्यंत आल्या. मी तिथेच खाली बसले आणि रडले, वाटलं आला दुसरा अटॅक. अर्ध्या तासाने सगळं पूर्ववत. आता अंघोळीचीच भीती वाटते. प्रत्येक मुंगी म्हणजे नवा अटॅक असतो का?

दवणा

पहिलीच पायरी, आधी एक मोठा श्वास घे. तुझं जे झालं त्याला नाव आहे आणि ते बरंच जुनं आहे. उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली लिहून ठेवलंय की श्रम झाले की अशा पेशंटची नजर अंधुक होते. मागाहून कळलं की मूळ कारण उष्णता. आपल्या नसांवरचं मायलिनचं वेष्टण जिथे झिजलंय तिथून संदेश आधीच जेमतेम पलीकडे जातो. अंग अर्धा अंश तापलं तरी तो अडखळतो. अंग निवलं की पुन्हा वाहायला लागतो. त्यात नवीन इजा होत नाही. एकेकाळी तर निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे.

खऱ्या अटॅकची, म्हणजे रिलॅप्सची खूण अशी: लक्षण नवीन किंवा आधीपेक्षा बळावलेलं, सलग चोवीस तासांहून जास्त टिकलेलं, आणि अंगात ताप किंवा कुठला संसर्ग नसताना आलेलं. अर्ध्या तासात गेलं ते हे नव्हे. दिवसभर राहिलं तर मात्र न्यूरोला, म्हणजे आपल्या न्यूरोलॉजिस्टला, फोन करायचा, वाट बघत बसायचं नाही.

संसर्गाचं मुद्दाम सांगते, कारण मी त्यात फसले. तीन वर्षांपूर्वी दोन्ही पाय एकदम गेल्यासारखे झाले. मी धरून चालले की अटॅकच, आता स्टिरॉइडचे सलाईन लागणार. एका हुशार कनिष्ठ डॉक्टरने आधी लघवी तपासायला लावली. संसर्ग निघाला. जळजळ नाही, ताप नाही, काही नाही, कारण तिथली संवेदनाच कमी झालेली. संसर्गाच्या गोळ्यांवर पाच दिवसांत पाय परत आले. अंगात संसर्ग असताना स्टिरॉइड चढवलं असतं तर तो बळावला असता. आणि स्टिरॉइडने अटॅक लवकर ओसरतो इतकंच. लांबच्या पल्ल्यात किती भरून येणार, ते त्याने बदलत नाही. म्हणून उठसूट घ्यायचं नसतं.

अंघोळ कोमट पाण्याने कर, आत एक स्टूल ठेव, दाराला आतून कडी नको.

पहिलीच पायरी

दवणाताई, हे तीनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. थँक यू.

मोकळी पावलं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरेच एमएसचे पेशंट बघते. निळी शाई, तुमच्या मंगळवारचं कोडं मला दवणांच्या प्रतिसादातच सुटलेलं दिसतं.

शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपार टळेपर्यंत चढत जातं. तुम्ही तपासणी करता ती अंग सगळ्यात गार असताना, रात्रभराच्या विश्रांतीनंतर, बसल्या जागी. त्या वेळी तुमच्या नसा सगळ्यात सुखात असतात. मग तुम्ही तयार झालात, प्रवास केलात, जिना चढलात. दुसऱ्या वळणावर पायांनी जे सांगितलं ते सकाळी विचारलंच नव्हतं.

दुसरं. बटणं आणि डोळा बघता तसा बुटाचा तळ बघा. एका पायाचं टोक जास्त घासलं गेलं असेल तर तो पाय उचलताना पुढून पडतोय. माणूस 'दमलोय' म्हणतो आणि प्रत्यक्षात चवडा खाली लोंबत असतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला अख्खी मांडी उचलावी लागते. घोट्याला हलका आधार लावला की तेवढाच रस्ता निम्म्या कष्टात होतो. लोक आधार घ्यायला लाजतात आणि पडल्यावर येतात.

व्यायाम मात्र सोडू नका. पूर्वी एमएसच्या पेशंटला घाम काढू नका, पडून राहा असंच सांगत. आता उलट सांगतो, कारण न वापरलेले स्नायू जातात, आणि तो अशक्तपणा एमएसच्या खात्यावर मांडला जातो. थोडं करा, मधे थांबा, पंख्याखाली करा, मानेवर ओला रुमाल ठेवा.

अर्धविराम

मोकळी पावलं, पटतंय, पण एक सांगू का? "व्यायाम करा" हे वाक्य आम्हाला इतक्या जणांनी ऐकवलेलं असतं की ते ऐकलं तरी थकायला होतं. एमएसचा थकवा हा काम करून आलेला थकवा नसतो. तो न केलेल्या कामाचाही येतो. मी एकदा बसल्या बसल्या हातातलं पुस्तक खाली ठेवलं, कारण पान उलटायचं होतं आणि ते होईना.

मोकळी पावलं

मान्य. त्या दिवशी नाही करायचा. मी ज्या दिवशी पान उलटतं त्या दिवसाबद्दल बोलतेय. आणि त्या थकव्याची इतर कारणंही एकदा तपासून घ्या: झोप, थायरॉइड, रक्तातलं लोह, चालू असलेल्या गोळ्या, मनाची उदासी. सगळं एमएसच्या माथी मारलं की जे दुरुस्त होण्यासारखं आहे तेही राहून जातं.

उतारावर

सगळे प्रतिसाद वाचले. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

तुम्ही सगळे चांगला दिवस, वाईट दिवस असं बोलता. माझं तसं नाही. मला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह आहे. शंभरातल्या दहा-पंधरा जणांना असतं तसं. अटॅक येतो, ओसरतो, असं झालंच नाही. पहिल्या दिवसापासून एक उतार लागलाय, फार हळू. त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, आता पन्नाशी आली. आज आणि काल यात मला फरक सांगता येत नाही. या दिवाणापासून त्या खिडकीपर्यंत मागच्या वर्षी काठीशिवाय जायचो, आता काठीने जातो, आणि ते कोणत्या दिवशी बदललं ते मला ठाऊक नाही. एकही असा दिवस नव्हता की ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणावं, हा तो दिवस.

तुमच्यासाठी पहिलं औषध १९९३ साली आलं, इंटरफेरॉन. आमच्या प्रकारासाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध ओक्रेलिझुमॅब, ते २०१७ साली. मधे चोवीस वर्षं. त्या काळात ज्यांना माझा प्रकार होता त्यांना डॉक्टर काय सांगत असतील, याचा विचार माझ्या मनात फार वेळा येतो. मला ते औषध मिळालं. त्याने उताराचा चढ होत नाही, उतार थोडा सौम्य होतो. तेवढ्यासाठी मी दर सहा महिन्यांनी जाऊन सलाईन लावून घेतो.

म्हणून मला सकाळच्या तपासणीचा उपयोग नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला पंचवीस फूट चालतो आणि मुलगा घड्याळ लावतो. दवाखान्यातही हेच अंतर मोजतात. वही त्याच्याकडे असते, मी आकडा विचारत नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांसमोर उघडतो.

कुणावर राग नाही. फक्त या धाग्यावर आमचीही नोंद असावी असं वाटलं.

निळी शाई

उतारावर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी धागा काढताना 'एमएस' असं लिहिलं आणि मनात फक्त माझा एमएस होता. तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. घड्याळ लावणाऱ्या तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

कागद-टाक

उतारावर, +१. मीही वहीतले आकडे बघत नाही, फक्त रेघ ओढतो.

टेबल क्रमांक सात

निळी शाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग, शब्द कसा द्यायचा, तो मला जास्त छळतो, कारण माझा शब्द ऑफिसात द्यायचा असतो. मी निदानानंतर दोन महिन्यांत साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी जागा बदलून एसीच्या झोताजवळ दिली, स्वच्छतागृह जवळ असेल असं बघितलं, आणि दुपारच्या मीटिंगा सकाळी घेतल्या. दुपारनंतर माझे शब्द हरवतात. वस्तू डोळ्यांसमोर दिसते, तिचं नाव तोंडापर्यंत येऊन परत जातं. सकाळी ते होत नाही. माझं मत, सांगून टाकावं.

अर्धविराम

मी सांगितलं आणि पस्तावले. कुठे ते लिहित नाही. सांगितल्यावर दोन आठवड्यांत माझ्याकडची महत्त्वाची कामं एकेक करून दुसऱ्याकडे गेली, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, "तुझ्यावर ताण नको." मी ताणाची तक्रार केलीच नव्हती. चांगल्या हेतूने माणसाला बाजूला सारता येतं हे तिथे शिकले. आधी आपली नोकरी पक्की आहे का, नियम काय आहेत, ते बघा आणि मगच तोंड उघडा.

टेबल क्रमांक सात

वाईट वाटलं वाचून. माझे साहेब चांगले निघाले हा माझा नशिबाचा भाग, तो मी सल्ला म्हणून द्यायला नको होता.

दवणा

मी मधला रस्ता धरला. आजाराचं नाव सांगितलं नाही, गरज सांगितली. "मला जेवणानंतर वीस मिनिटं आडवं व्हावं लागतं, त्यानंतर मी संध्याकाळपर्यंत नीट काम करते." नाव सांगितलं की लोक नेटवर जातात आणि सगळ्यात वाईट फोटो बघून येतात. गरज सांगितली की एखादी खोली शोधून देतात.

हितचिंतक

मला स्वतःला नाही, पण माझ्या मावसभावाला एमएस आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी इंजेक्शनं बंद केली, आहार पूर्ण बदलला, आणि तेव्हापासून एकही अटॅक नाही. औषधांचे इतके दुष्परिणाम वाचतो, मग इथे कोणी हा मार्ग करून बघितलाय का?

दवणा

तुमच्या भावाला बरं वाटतंय याचा आनंदच आहे. पण कृपया त्याला एक एमआरआय करायला लावा. या आजाराचं वागणंच असं, की अटॅक येतो, ओसरतो, मधे वर्षानुवर्षं शांतता असू शकते. ती शांतता औषधाविनाही येते, म्हणून जो उपाय त्या वेळी चालू असतो त्याला श्रेय मिळतं. आणि मेंदूत नवे ठिपके येत असताना बाहेर काहीच जाणवत नाही, असं पुष्कळदा होतं. जाणवणाऱ्या अटॅकपेक्षा असे गुपचूप ठिपके संख्येने जास्त असतात. काही औषधं अशीही आहेत की अचानक थांबवली तर आजार उसळून येतो.

आहार चांगला ठेवावा, सिगारेट सोडावी (धूम्रपानाने हा आजार वेगाने वाढतो), ड जीवनसत्त्व तपासावं. पण हे सगळं औषधाबरोबर. औषध मानवत नसेल तर बदलून मिळतं, आता बरेच पर्याय आहेत.

उतारावर

हितचिंतक, तुमच्या भावाला माझा निरोप द्या. त्याच्या प्रकारासाठी औषध आहे. घे म्हणावं.

हितचिंतक

देतो. आजच फोन करतो.

नाव नको

एक विचारू? इथे कोणी बोलत नाही म्हणून. लघवी धरवत नाही. लागली असं वाटलं की दोन मिनिटंही मिळत नाहीत. बाहेर जायचं म्हटलं की मी आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही.

सोबत

नाव नको, पाणी तोडू नका. आमच्याकडे हीच चूक दोन वर्षं चालली. पाणी कमी केलं की लघवी दाट होते, मूत्राशय आणखी चिडतं, आणि संसर्गाची वाट मोकळी होते. तो काय करतो ते दवणांनी वर लिहिलंच आहे.

डॉक्टरांना सांगून लघवी झाल्यावरची सोनोग्राफी करून घ्या. आत किती शिल्लक राहते त्यावर पुढचं सगळं ठरतं. माझी बायको समजायची की मूत्राशय धरत नाही. प्रत्यक्षात ते पूर्ण रिकामंच होत नव्हतं, म्हणून सारखं भरल्यासारखं वाटायचं. आता ती दिवसातून तीनदा बारीक नळी घालून स्वतःच रिकामं करते. पहिल्या आठवड्यात दोघंही रडलो. आता ती नाटकाला जाते, तीन तास बसते.

नाव नको

सोमवारी जाते डॉक्टरांकडे. इतक्या सरळ शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वेण्या

सोबत, तुमची बोटांची पद्धत वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे फ्रिजवर तीन चुंबकं आहेत, हिरवं, पिवळं, लाल. मी सकाळी एक लावते. सात वर्षांच्या लेकीला शब्दांत सांगायला नको वाटायचं, म्हणून सुरू केलं. लाल असेल तर ती शाळेतून आल्यावर माझ्या अंगावर उडी मारत नाही, शेजारी येऊन बसते. मागच्या महिन्यात सकाळी बघते तर मी लावायच्या आधीच लाल लागलेलं. विचारलं तर म्हणाली, "हे माझं आहे. आज गणिताचा पेपर आहे." मग आम्ही दोघी पाच मिनिटं लाल होऊन बसलो.

पहिलीच पायरी

दोन वेण्या, एक विचारते. तुम्हाला निदान लेकीच्या आधी झालं की नंतर? माझं लग्न ठरायचंय. घरात सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलंय की आता मुलंबाळं नाहीत.

दोन वेण्या

आधी. निदानानंतर तीन वर्षांनी झाली ती.

मला डॉक्टरांनी जे सांगितलं ते सांगते. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. १९९८ साली छापून आलेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. माझं तसंच झालं, लेक सहा आठवड्यांची असताना उजवा हात गेला आणि दोन महिन्यांनी आला. आई होती जवळ. काही औषधं बाळाचा विचार करण्याच्या बरीच आधी बंद करावी लागतात, म्हणून न्यूरोशी बोलणं आधी, बाकी सगळं नंतर. मुलाला एमएस होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन, म्हणजे सत्त्याण्णवांना होत नाही.

घरच्यांना म्हणावं, हा निर्णय न बोलता घ्यायचा नाही. तू तिथे बसलेली असायला हवीस.

अर्धविराम

आणि ज्याच्याशी लग्न ठरेल त्याला आधी सांग, तू स्वतः सांग. ऑफिसबाबत मी उलटं म्हणाले होते. इथे ते लागू नाही.

मोकळी पावलं

निळी शाई कुठे गेल्या? त्यांच्या जिन्याचं काय झालं?

निळी शाई

आहे, इथेच आहे. आठवडाभर एक करून बघत होते, म्हणून लिहिलं नाही.

मोकळी पावलंताईंनी लिहिल्यापासून सकाळची अंथरुणातली तपासणी बंद केली. आता उठते, आवरते, खालच्या मजल्यापर्यंत एकदा जाऊन येते, आणि साडेनऊला, अंग थोडं तापलं की, तीच पिशवी आणि तीच बटणं. सात दिवसांत दोनदा असं झालं की उठताना सगळं छान होतं आणि साडेनऊला पिशवी विटकरी दिसली, चौथं बटण सापडेना. दोन्ही दिवशी दुपारी पाय गेले. म्हणजे मंगळवारीसुद्धा मला कळलं असतं, फक्त मी दोन तास आधी विचारत होते. सात दिवस म्हणजे काही नाही, ठाऊक आहे, पण पहिल्यांदाच असं वाटलं की शरीर मला फसवत नाहीये.

अर्धविरामताईंची दहाची वेळ आता मी पण घेतली आहे. साडेनऊला बघायचं, दहाच्या आत कळवायचं. त्या मैत्रिणीला सगळं समजावलं. ती म्हणाली, मग मला दहाला फोनच कर, मी त्याआधी काही ठरवणारच नाही. काल तिच्याकडे जाऊन आले. जिन्यात पहिल्या वळणावर तिने खुर्ची ठेवली होती. मी तिच्यावर बसले, दोन मिनिटं, मग वर गेले.

बुटाचं टोक बघितलं. डावं घासलंय. फिजिओची वेळ घेतली आहे.

कागद-टाक

विटकरी! हे लिहून ठेवा. लाल, विटकरी, तपकिरी असं रोज लिहिलंत तर वर्षभराने डॉक्टरांना दाखवायला काहीतरी असेल.

उतारावर

एक तारीख झाली काल. मुलाला विचारलं आकडा. सात वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, मागच्या महिन्याएवढाच आहे, बाबा.

पहिलीच पायरी

मी नवीन वही आणली. आज पहिली ओळ लिहिली, माझं नाव आणि तारीख. रेघ तिसऱ्या अक्षरावर थोडी वाकली, पुढे सरळ गेली. आई शेजारी उभी राहून बघत होती, मग तिनेही खाली तिचं नाव लिहिलं आणि रेघ ओढली. तिचीही वाकली.